पिसाऱ्याची लांडोर आणि सुलसेची टोपली

पूर्वी तगर नगरात अरिंदम राजाचं राज्य होतं, तेव्हा बोधिसत्त्वांनी तिथल्या एका वैद्याच्या घरी जन्म घेतला. नाव ठेवलं क्षेमंकर. लोकांच्या नाड्या बघता बघता त्यांना माणसंही कळू लागली, म्हणून राजानं त्यांना अमात्य करून घेतलं. पण गोष्ट सुरू होते ती त्यांच्यापासून नाही. ती सुरू होते सेनापती महाबलाची बायको सुलसा हिच्यापासून, कारण तिच्या मनात एक गोष्ट वर्षानुवर्षं ठसठसत होती.

तगरात डोहाळजेवणाची मोठी हौस. सातव्या महिन्यात गर्भारशीला फुलांनी मढवायचं, पाटावर बसवायचं आणि तिच्यापुढे दोन टोपल्या पालथ्या घालायच्या. एकीखाली बाण, दुसरीखाली सूत कातायची चाती. बाण निघाला तर मुलगा, चाती निघाली तर मुलगी. गर्भारशीचा हात टोपलीकडे गेला की बायकांचा असा काही गलका उठायचा की बाहेर ओसरीवरचे पुरुषही माना उंचावायचे! आणि एकदा उचललेली टोपली बदलायची नाही, हा नगराचा कडक नियम. बदलली तर तो शकुन चोरल्याचा गुन्हा, आणि त्याला शिक्षा एकच. नदीपार हद्दपारी, कायमची.

सुलसेच्या डोहाळजेवणात काय झालं माहीत आहे? तिनं डावी टोपली बोटभर वर केली. आत चाती दिसली. तेवढ्यात समोर बसलेल्या सासूबाई खाकरल्या. बस, इतकंच! सेनापतीच्या घराला वारस हवा होता आणि ते खाकरणं सुलसेला पुरतं कळलं. तिनं टोपली तशीच टेकवली आणि झटकन उजवी उचलली. बाण! बायकांनी टाळ्या पिटल्या, सासूबाईंनी तिच्या तोंडात खीर भरवली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मुलगाही झाला. त्याचं नाव ठेवलं रिपुंजय.

पण हा रिपुंजय रांगायचा थांबून चालायला लागला तो थेट आईच्या पेटीकडे! आईचा शेला कमरेला गुंडाळायचा, कानात फुलं अडकवायची आणि आरशासमोर असं काही खुलायचं की घरातल्या दासी तोंडाला पदर लावून हसायच्या. लहान होता तोवर सगळ्यांना कौतुक. मोठा झाला तशी बापाची भुवई चढायला लागली. रागावून झालं, कोंडून झालं, ताईत बांधून झाले. सुलसेनं स्वतःच्या हातानं त्याची लाखेची काकणं चुलीत घातली. ती वितळताना पाहून पोरगं रडलं नाही, नुसतं बघत राहिलं. त्या रात्री सुलसा चुलीपाशीच बसून राहिली. तिला दिसत होती ती डावी टोपली आणि खालची चाती. ‘मीच केलं हे,’ ती मनाशी म्हणायची. ‘देव मुलगी देत होता, मी हिसकावून मुलगा घेतला. म्हणून देह एकाचा आणि जीव एकीचा झाला.’

गंमत बघा, धनुष्याच्या बाबतीत मात्र पोरगं बापाच्या वरचढ. नेम असा की उडत्या पाखराच्या चोचीतलं फळ पाडावं आणि पाखराला वाराही लागू नये. महाबल मग सगळं विसरायचा. ‘सोळावं लागू दे,’ म्हणायचा, ‘धनुष्य हातात आलं की हे खूळ जाईल.’

सोळावं लागलं. तगरात वीरांची मुलं त्या वर्षी राजासमोर एक बाण सोडतात आणि बाप आपल्या हातानं त्यांना धनुष्य बहाल करतो. मैदान माणसांनी फुललं होतं. नगारे वाजत होते, राजा सिंहासनावर बसला होता, सुलसा बायकांच्या मांडवात बसली होती. सेनापतीच्या मुलाचा पुकारा झाला आणि...

अहो, काय सांगू! तांबडं रेशीम नेसून, डोळ्यांत काजळ, केसांत कमळ आणि मनगटांवर गुंजांची काकणं, अशी एक पोर मैदानात चालत आली. तिनं धनुष्य उचललं, दोरी कानापर्यंत खेचली. काकण दोरीला खट्‌ करून लागलं. बाण सुटला आणि लक्ष्यात रुतला, ठिपक्याच्या दोन बोटं डावीकडे. मग तिनं राजाला नमस्कार केला.

‘महाराज, मी उत्पला,’ ती म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. ‘रिपुंजय हे बाबांनी दिलेलं नाव आहे. ते मी आजवर सांभाळलं. आता नाही जमत.’

झालं! मैदानात एकच गिल्ला. कुणी हसलं, कुणी कानांवर हात ठेवले. महाबलानं हातातलं धनुष्य मातीत फेकलं आणि पोरीच्या अंगावर धावून गेला. त्याचा हात वर गेला तोच बायकांच्या मांडवातून सुलसा पळत सुटली. पदराचं भान नाही, पायातलं पैंजण कुठं निखळलं त्याचं भान नाही. ती दोघांच्या मधे उभी राहिली आणि तिच्या तोंडून इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडलं.

‘तिला मारू नका! दोष तिचा नाही. टोपली मी बदलली होती! आधी चाती निघाली होती हो, मी झाकली आणि बाण उचलला!’

सासूबाईंनी मटकन खाली बसकण मारली.

आता पेच बघा कसा पडला. सुलसेमुळे हे झालं म्हणावं, तर तिनं शकुन चोरला, तिला नदीपार जावं लागणार. सुलसेमुळे नाही झालं म्हणावं, तर पोरानं जाणूनबुजून धनुष्याच्या सोहळ्याचा अपमान केला, त्यालाही तीच शिक्षा. दोघींतली एक जाणार होती. राजानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, ‘क्षेमंकर, तुम्ही वैद्यही आहात आणि अमात्यही. उद्या सकाळी तुम्ही निवाडा सांगा.’

संध्याकाळी महाबल क्षेमंकरांच्या घरी आला. पाणीसुद्धा न घेता म्हणाला, ‘अमात्य, दोष सुलसेचाच आहे, तिनं स्वतः कबूल केलंय. ती गेली की मी मुलाला सरळ करीन. महामात्याची जागा रिकामी आहे. महाराज मलाच विचारणार, कुणाला बसवू. समजलं ना?’

‘समजलं,’ क्षेमंकर म्हणाले. ‘पाणी तरी घ्या.’

तो गेल्यावर ते सुलसेकडे गेले. ती आपलं बोचकं बांधून बसली होती.

‘वहिनी, हे कशाला?’

‘मी जाते, अमात्य. पोरीला राहू द्या. माझंच पाप आहे.’

‘मला एक सांगा. टोपली उचललीत तेव्हा पोट केवढं होतं?’

ती रडता रडता गोंधळली. ‘केवढं म्हणजे? सातवा होता. पोर आतून लाथा मारत होतं. ती लाथ ओसरेपर्यंत थांबून मग मी हात पुढे केला होता!’

‘बरं,’ ते म्हणाले. ‘बोचकं सोडा. सकाळी राजाच्या मोरबागेत या, उत्पलेला घेऊन.’ आणि त्यांनी पोरीला उत्पला म्हटलं, हे सुलसेच्या लक्षात आलं तेव्हा ते फाटकाबाहेर पडलेही होते.

सकाळी सगळी सभा मोरबागेत भरली. राजाला या बागेचा भारी नाद. क्षेमंकरांनी एका झाडाकडे बोट केलं. फांदीवर एक मोर बसला होता, खाली लोंबणारा पिसारा नुसता झळाळत होता.

‘महाराज, हा मोर कोणता?’

‘मोर?’ राजा एकदम खुलला. ‘अहो, ती रेवा! लांडोर आहे माझी! अंड्यातून बाहेर येताना मी पाहिलंय तिला. हिनं स्वतः अंडी घातली, पिल्लं वाढवली. मग एका वर्षी बघतो तर हा पिसारा! मला वाटलं, कुणीतरी चेष्टेनं पिसं चिकटवली. मी म्हटलं, उपटा.’

‘उपटली?’

‘उपटली की! बिचारी रक्तबंबाळ झाली. पुन्हा तीच उगवली. पुन्हा उपटली, पुन्हा उगवली. शेवटी मीच हात टेकले. आता रोज बघायला येतो.’

क्षेमंकरांनी हात जोडले. ‘मग एवढं सांगा महाराज, हिच्या आईनं कुठली टोपली उचलली होती?’

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग राजाला हसू फुटलं, आणि असं फुटलं की मुकुट सावरावा लागला. झाडावरचे मोर केकाटायला लागले, सभेत हशा पिकला. सुलसाही, डोळे पुसता पुसता, किती वर्षांनी कोण जाणे, हसली.

महाबल तेवढा हसला नाही. ‘पाखराचं माणसाला काय लावता?’

‘बरोबर आहे तुमचं,’ क्षेमंकर म्हणाले. ‘पाखरू म्हणजे माणूस नव्हे. माणसाचं असं का होतं, ते मला नक्की ठाऊक नाही आणि ठाऊक आहे असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. कदाचित ते बीजातच असेल. कदाचित गर्भात देह एका वेळी घडत असेल आणि मन दुसऱ्या वेळी, आणि त्या दोन वेळांना पोटातले रस सारखे नसतील. माझे वडील गेले, मीही जाईन, तरी ते कोडं पुरतं सुटायचं नाही. पण एक मला पक्कं माहीत आहे. सातव्या महिन्यात टोपल्या मांडतात तेव्हा आत जे मूल असतं ते लाथा मारत असतं. ते आधीच कुणीतरी झालेलं असतं. बाण आणि चाती बाहेर होत्या, सेनापती. पोर आत होती.’

मग ते उत्पलेकडे वळले. ‘बाळ, हे तुला कुणी शिकवलं? आईनं?’

‘आईनं?’ उत्पलेला हसूच आलं. ‘आईनं माझी काकणं चुलीत घातली.’

‘मग?’

‘मग मी सारवणाच्या मातीची केली. ती बाबांनी फोडली. मग गवताची विणली, ती दासीनं झाडून टाकली. मग या गुंजा गोळा केल्या.’ तिनं हात पुढे केले. ‘या अजून आहेत.’

राजाची नजर उत्पलेच्या मनगटावरून हळूच फांदीवरच्या रेवेकडे गेली आणि तिथंच राहिली.

‘उपटायला मीच सांगितलं होतं,’ तो स्वतःशीच पुटपुटला. मग घसा साफ करून मोठ्यानं म्हणाला, ‘सुलसेनं टोपली बदलली, पण चोरीला काहीच गेलं नाही, तेव्हा चोरीचा प्रश्नच नाही. आता सोहळ्याचं. नियमात काय आहे? बाण लक्ष्यात लागला पाहिजे. लागला की नाही?’

‘लागला!’ सगळी बाग ओरडली.

‘मग सोहळा झाला. फक्त धनुष्य द्यायचं राहिलं.’

सुलसेचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. धनुष्य बापानं द्यायचं असतं. सगळ्यांच्या माना महाबलाकडे वळल्या. सेवकानं मातीतून उचलून आणलेलं धनुष्य त्याच्यापुढे धरलं. महाबल दगडासारखा उभा. सुलसेनं उत्पलेचा हात इतका घट्ट धरला की गुंजा दोघींनाही रुतल्या.

मग महाबलानं धनुष्य घेतलं, बाहीनं त्याच्यावरची माती पुसली आणि पोरीपुढे येऊन उभा राहिला. तिच्या तोंडाकडे बघणं त्याला जमेना. तो मनगटाकडे बघत होता.

‘काकण कोपराकडे सरकव,’ तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. ‘दोरीला लागतं ते. काल बाण दोन बोटं डावीकडे गेला, तो त्यामुळेच.’

उत्पलेनं काकण सरकवलं. त्यानं धनुष्य तिच्या हातात दिलं. आणि सुलसा, सेनापतीची बायको, सगळ्या राजसभेसमोर हुंदके देऊन रडली आणि रडता रडता खदखदून हसली!

महामात्याची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. क्षेमंकर पूर्वीसारखेच नाड्या बघत राहिले. त्या वर्षी नगरात पुढचं डोहाळजेवण झालं तेव्हा टोपल्या मांडायचा मान सुलसेला दिला होता. गर्भारशीनं डावी टोपली उचलली, तर आत बाण आणि चाती शेजारी शेजारी. तिनं घाईघाईनं उजवी उचलली. तिथंही दोन्ही! बायका बघतच राहिल्या. ‘घ्या गं खीर,’ सुलसा म्हणाली, ‘जे यायचं ते आलंय.’

ही कथा संपवून शास्त्यांनी, विहारात ती सांगणाऱ्या गुरूंनी, समोर बसलेल्या भिक्षूंकडे पाहिलं. ‘तेव्हाचा राजा अरिंदम आता या विहाराची बाग राखणारा उपासक आहे. सुलसा म्हणजे रोज आपल्याला पेज आणून देणारी ती म्हातारी. अमात्य क्षेमंकर मी होतो. आणि उत्पला? आज सकाळी एक फुलवाली दारात आली, तिला तुमच्यापैकी एकानं विचारलं, तू पुरुषांत बसणार की बायकांत, आणि ती न बसताच उभी राहिली. ती उत्पला. तिला विचारणारा तो सेनापती.’

तो भिक्षू मान खाली घालून उठला. दारापाशी ती फुलवाली अजून उभी होती. त्यानं आपलं आसन उचललं, तिच्यासाठी पुढे अंथरलं आणि स्वतः जमिनीवर बसला.

शास्ता म्हणाले, ‘याला करुणा म्हणतात.’