ओव्याची पुडी

मंदी आली तशी मॅनेजर पेंढारकरांनी कारखान्यातल्या सगळ्यांची पगारवाढ थांबवली, आणि स्वतः हेरून ठेवलेली लाल मोटारसायकलही लांबणीवर टाकली. नेमकी तशीच मोटारसायकल घेऊन पॅकिंगमधली शेवंता गेटातून आत आली, तेव्हा त्यांना हातातला चहा कडू लागला. खिडकीतून त्यांची नजर हटेना.

शेवंतानं साऱ्या खात्यात पेढे वाटले. ती टेबलाशी आली तसे पेंढारकर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मंदीत हे थेर शोभतात का, बाई? मला नको पेढा. सकाळपासून पोटात दुखतंय."

"ठाऊक होतं, साहेब," म्हणत शेवंतानं डब्याच्या पिशवीतून एक पुडी काढून टेबलावर ठेवली. "तुमच्यासाठी घरून ओवा आणलाय."