लंगडण्याचा धडा

एका विस्तीर्ण माळावर, तळ्याच्या काठी, एक वयोवृद्ध टिटवी छोटीशी शाळा चालवत असे. सकाळी ती पिलांकडून समुद्र आटवणाऱ्या पूर्वज टिटवीची कथा पाठ करून घेई; दुपारी जगण्याला लागणारी विद्या शिकवी. तीत मुख्य धडा लंगडण्याचा. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात. शत्रू आला की पंख मोडल्याचे सोंग करायचे आणि लंगडत लंगडत त्याला अंड्यांपासून दूर न्यायचे, हा तो धडा. सराव नेहमी एकाच वाटेने होई, बाभळीपासून तळ्यापर्यंत.

एका विद्यार्थिनीला मात्र स्वस्थता नव्हती. "बाई, अंडी कुठे आहेत असं धरायचं?" ती पुन्हा पुन्हा विचारी.

"आधी पंख नीट खाली पाड," बाई म्हणत. "अंडी घालशील तेव्हा दिसतीलच."

"हिला पंखाआधी अंडी हवीत," मैत्रिणी खिदळत. पुढे तिचेच लंगडणे शाळेत सर्वोत्तम ठरले आणि प्रश्न मागे पडला. मागे पडला, मिटला नाही.

यथाकाल तिने तळ्याकाठच्या खड्यांत अंडी घातली. त्यांवर बसूनही तिचा जीव ठरेना. ती उठे, माळाकडे पाही, पुन्हा बसे. एके सकाळी किडे टिपत ती बाभळीपर्यंत गेली, तोच समोर मुंगूस उभे राहिले. तिने पंख पाडला. पाय सवयीच्या वाटेने निघाले. मुंगूस मागोमाग आले. तळे जवळ येताच तिला समोर आपली अंडी दिसली. ती वळली, माळाकडे लंगडली, ओरडली. पण एव्हाना मुंगसालाही अंडी दिसली होती.

"वाट दाखवलीस, उपकार झाले," ते म्हणाले आणि तिच्याकडे न पाहता पुढे गेले.

सायंकाळी ती शाळेत आली.

"लंगडणं चुकलं का गं?" बाईंनी विचारले.

"नाही, बाई. अगदी शिकवल्यासारखं झालं. थेट तळ्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी बाई माळभर हिंडून अंड्यांएवढे गोटे मांडत होत्या, दर वेळी निराळ्या जागी. मग पिलांसमोर येऊन म्हणाल्या, "आता मी मुंगूस. सांगा, मला कुठे न्याल?"

तात्पर्य : जिथे गमावण्यासारखे काही मांडलेलेच नसते, तिथे शिकलेले कौशल्य हेही एक पाठांतरच असते.