बत्तीस दोऱ्यांचा डोह

कवठटेकात लोखंडी साखळी कुणी पाहिली नव्हती आणि विहिरीच्या घागरीपासून पोराच्या पाळण्यापर्यंत सगळं गाव दोरावर टांगलेलं होतं, त्या काळची ही गोष्ट. तो दोर वळायची धुरपदा. गावकुसाबाहेर, मातंगांच्या वस्तीत तिचं खोपट होतं. दारापुढं केकताडाची रांग होती. केकताडाची पानं माणसाच्या हाताएवढी लांब आणि टोकाला काटा. ती पानं ठेचून धुरपदा वाख काढायची आणि वाखाचा दोर वळायची. तिच्या दोराला बांधलेला बैल म्हातारा व्हायचा, दोर व्हायचा नाही, असं म्हणतात.

धुरपदा सुईणही होती. एरवी ज्या उंबऱ्याला तिची सावली चालत नसे, त्याच उंबऱ्याच्या आत बाई अडली की पहिली हाक तिला जायची. गावातलं प्रत्येक मूल आईच्या आधी तिच्या हातात आलेलं होतं. त्यामुळं बायका जे नवऱ्याला सांगत नसत आणि आईलाही सांगत नसत, ते धुरपदेला सांगत.

आणि त्या गावात असं एक दुखणं होतं. बाई बाहेरची व्हायच्या आधी चार-सहा दिवस तिच्या मांड्यांच्या मधे खाज उठायची. जात्यावर बसवायचं नाही, धुण्याला वाकवायचं नाही, चार माणसांत उभं राहवायचं नाही. पाळी आली की ती हळूहळू निवायची, आणि बाई जरा सुखावते तोवर पुढचा महिना यायचा. गाव तिला आसरांची आग म्हणायचं. नदीच्या डोहात सात आसरा राहतात, पाण्याच्या देवता. जिनं त्यांचं पाणी बाटवलं, तिला त्या शिवतात, आणि जागाही अशी बघून शिवतात की तिला तोंड उघडता येऊ नये. असं गाव मानायचं. म्हणून बाई गप्प राहायची. न्हाणीत जाऊन पापडखारानं आणि चुलीच्या राखेनं अंग घासायची. घासलं की आग वाढायची, आणि आग वाढली की आपण अजून स्वच्छ झालो नाही असं समजून ती पुन्हा घासायची.

धुरपदेलाही सोळाव्या वर्षी ही आग लागली होती. तिच्या घरी पंचांग नव्हतं, अक्षर नव्हतं, पण दोरी होती. तिनं रोज एक गाठ मारायला सुरुवात केली. पाळीच्या दिवसांच्या गाठीत तांबडं सूत ओवलं. खाजेच्या दिवशी गाठीत केकताडाचा काटा खोवला. वर्ष सरल्यावर तिनं ती दोरी अंगणात पसरली आणि बघत बसली. प्रत्येक वेळी काटे होते ते तांबड्याच्या आधी. कधी एक जास्त, कधी एक कमी, पण जागा तीच. ती डोहाकडं गेली असो वा नसो, उपास केला असो वा नसो. आसरांचा राग असा दिवस मोजून कसा येईल, असं तिच्या मनात आलं. पण दोर वळणारीचं कोण ऐकणार? तिनं ती दोरी आढ्याला टांगली आणि पुढं वीस वर्षं ती गोष्ट पोटात ठेवली.

मग एका साली पावसानं दगा दिला आणि मार्गशीर्षातच डोहाचं पाणी पायरीखाली गेलं. गावानं दोषी कोण ते शोधायला घेतलं. पाटलाच्या घरी केशर नावाची नवी सून होती. ती चालताना थांबते, बसताना ओठ चावते, हे पाणवठ्यावर दिसलं होतं. तिला आग आहे, तिनं पाणी बाटवलं, तिला कायमची माहेरी धाडा म्हणजे डोह भरेल, असं ठरलं. तिच्या भावाला निरोप गेला. पाटलाच्या लेकासाठी दुसरी सोयरीक सांगूनही आली.

केशर न्हाणीतून बाहेर येईना, तेव्हा सासू बायजाबाई पाटलिणीनं धुरपदेला बोलावलं. धुरपदेनं दार लोटलं. पोरगी राखेचं गाडगं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिची कातडी सोलवटलेली होती. धुरपदेनं गाडगं काढून घेतलं. तिनं केशरला सांगितलं, की केकताडाचा रस लागून हाताला खाज सुटली की आपल्या वस्तीतली नवी पोर हात घासते, मग रात्रभर रडते. जुनी बाई हात नुसत्या गार पाण्यात धरते, कोरडा करते आणि वाऱ्याला मोकळा ठेवते. खाजेला घासणं म्हणजे तिला जेवायला वाढणं. केशरला त्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

मग धुरपदा मागच्या दारी बायजाबाईपुढं उभी राहिली आणि होळीपर्यंत पोरीला ठेवून घ्या म्हणाली.

"धुरपदे," बायजाबाई म्हणाली, "बाळंतपणाला येतीस तेवढं बास. देवाच्या कामात तुझा दोर घालू नगंस."

"तीन म्हैनं द्या, पाटलीणबाई. माझं खोटं ठरलं तर मला गावाबाहेर काढा."

"तू गावाबाहेरच हायेस की."

"मग तर तुमचं काम सोपंच झालं."

बायजाबाईनं पदर तोंडाला लावला. का कोण जाणे, ती हो म्हणाली. भाऊ मोकळ्या हातानं परत गेला.

धुरपदेनं केशरला एक बारीक दोरी दिली, गाठ, तांबडं सूत आणि काटा समजावला. पण एका पोरीची दोरी म्हणजे एका पोरीचाच शब्द, हे तिला ठाऊक होतं. म्हणून त्या तीन महिन्यांत ती जिथं जिथं गेली तिथं तिथं एक दोरी देऊन आली. भटजींच्या घरी, कुंभाराच्या घरी, तेलिणीला, सुतारणीला, आपल्या वस्तीतल्या बायकांना. कुणालाच दुसरीचं नाव सांगितलं नाही, फक्त होळीनंतर डोहावर जाल तेव्हा ती कमरेला बांधून आणा म्हणाली. आणि गंमत अशी, की घरात दाराआड खुंटीला दोरी टांगलेली असली तर कुठला पुरुष तिच्याकडं बघतो? एकतीस दोऱ्या एकतीस दाराआड वाढत होत्या आणि गावाला पत्ता नव्हता.

केशरची राख सुटली. गार पाणी, उन्हात खडखडीत वाळवलेलं मऊ सुती फडकं, आणि घासणं बंद. तिसऱ्या महिन्यात खाज आली ती भांडखोर शेजारणीसारखी नाही, वाट चुकलेल्या पाहुणीसारखी आली आणि गेली. पण डोह काही भरला नाही. होळी झाली, आणि गाव म्हणालं, आता पुरे.

होळीनंतरच्या मंगळवारी गावातल्या बायका आसरांना दहीभात घेऊन डोहावर जात. पुरुषांना त्या दिवशी तिथं मज्जाव. त्या मंगळवारी केशरला डोहापुढं उभं करून तिच्या पायानं गाव सोडायला लावायचं होतं. धुरपदा आधीच येऊन दगडावर बसली होती. तिनं आपली जुनी दोरी खडकावर पसरली. केशरनं आपली दोरी तिच्या शेजारी ठेवली. नंतर कुंभारीण पुढं आली आणि कमरेची दोरी सोडून मान खाली घालून ठेवून गेली. मग भटजींची लेक. मग तेलीण. खडक दोऱ्यांनी भरला. ज्या बायकांनी एकमेकींशी आयुष्यभर या गोष्टीचा चकार शब्द काढला नव्हता, त्यांच्या दोऱ्या एका रांगेत पडल्या होत्या, आणि एकीत दर खेपेला सहा काटे तर दुसरीत चार, पण काटे होते ते तांबड्याच्या आधीच. तीन दोऱ्यांत मात्र काटे कसेही विखुरलेले होते. त्या तिघींना धुरपदेनं बाजूला सांगितलं, की तुमचं दुखणं निराळं आहे, ते अंगावर काढू नका, वैदूला दाखवा.

मग तिनं दोऱ्या मोजल्या. तिची स्वतःची सोडून एकतीस हव्या होत्या. बत्तीस भरल्या. तिनं एक उचलली, बोटांत फिरवली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही माझी न्हाई," ती म्हणाली. "हिचा पीळ उलटा हाय. ह्यो पीळ कुणाचा?"

बायका वाकून आपापल्या दोरीचा पीळ बघू लागल्या. डोहावरचा वारा थांबला, असं म्हणतात.

"माझा," बायजाबाई म्हणाली.

सगळ्या वळल्या. पाटलीणबाई बोलतच राहिली. "सुनंची दोरी बघून मी घरीच वळली. वळाय येत न्हाई मला. पंचवीस वर्सं राख लावतीया मी, धुरपदे. मला वाटायचं, ह्या गावात मी एकलीच बाटलेली."

केशरनं सासूचा हात धरला.

तेव्हा धुरपदा उठली. तिनं त्या बत्तीसही दोऱ्या टोकाला टोक जोडून एक दोर केला, त्याला दगड बांधला आणि म्हणाली, आता ज्यांच्या नावानं आपण गप्प बसलो, त्यांनाच विचारू. दोर डोहात सुटला. पाणी आटलं म्हणून पोरीला हाकलत होते, आणि बत्तीस दोऱ्या संपत आल्या तरी तळ लागेना. शेवटचं टोक धुरपदेच्या आणि बायजाबाईच्या हातात होतं. दोघींनी एकच दोर धरला होता आणि शिवाशिवीचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. एवढ्यात खालून हिसका बसला. एक, दोन, तीन, असे सात हिसके. बायकांनी मिळून दोर ओढला. वर आला तेव्हा त्याच्या टोकाला शेवाळाच्या सात हिरव्या दोऱ्या गुंडाळलेल्या होत्या. प्रत्येकीला गाठी होत्या. गाठींत कमळाच्या तांबड्या पाकळ्या ओवलेल्या होत्या, आणि पाकळ्यांच्या आधीच्या गाठींत माशाचे काटे खोवलेले होते.

आसराही बायकाच होत्या.

कुणी म्हणतं, त्या दिवशी डोहाचं पाणी पायरीवर चढलं. कुणी म्हणतं, पाणी पावसाळ्यातच चढलं, पण त्याची वाट बघताना कुणाला दोष द्यायचं कुणाच्या मनात आलं नाही. कवठटेकात या दोन्ही गोष्टी खऱ्या मानतात. बायका गावात परतल्या त्या खांद्यावर तो लांब दोर घेऊन, वेशीतून, वाजतगाजत. सगळ्यात पुढं धुरपदा होती. ती वेशीतून, म्हणजे गावाच्या पुढच्या दारानं, आत आली ती पहिलीच वेळ, आणि तिला परत मागच्या दारी कुणी धाडलं नाही, असं म्हणतात.

आज कवठटेकात नळ आहेत, साखळ्या आहेत. पण मुलगी मोठी झाली की धुरपदेच्या घराण्यातली बाई दोन्ही हात पसरून मोजलेली वावभर दोरी वळून देते, आणि ती दाराआडच्या खुंटीला टांगतात. कुणी बाई दुखणं घेऊन आरोग्य केंद्रात गेली की तिथली नर्सताई आधी विचारते, "दोरी आणलीस का?" मग काटे कुठं आहेत ते बघते आणि औषध देते. राखेचं गाडगं गावात फक्त भांड्यांसाठी उरलं आहे. आणि त्या दुखण्यापायी त्या गावानं त्यानंतर एकाही लेकीसुनेला माहेरी धाडलेलं नाही.

होळीनंतरच्या मंगळवारी बायका अजून डोहावर जातात. दोऱ्या खडकावर पसरतात. त्यांतली सगळ्यात म्हातारी बाई एकेक दोरी उचलते आणि मोठ्यानं विचारते, "ह्यो पीळ कुणाचा?"

आणि परवा-परवा न्हाण आलेली तेरा वर्षांची पोरसुद्धा, मान वर करून, पलीकडच्या तीरावर ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "माझा."