वेस उघडण्याआधी उतरवायचं घर

कितीतरी काळामागची गोष्ट आहे. एका नगराच्या तटाबाहेर, विहिरीवर, एक बाई दुसरीला म्हणाली, "राजा म्हणे आपल्याला घरं देणार आहे, फक्त..." तेवढ्यात तिची घागर भरली, मागच्या बायकांनी तिला बाजूला सारलं आणि ती निघून गेली. वाक्य विहिरीवरच राहिलं.

आता अर्धं वाक्य कानावर पडलं की माणसाला जेवण गोड लागत नाही, हे तुम्हीही जाणता. संध्याकाळपर्यंत तटालगतच्या प्रत्येक झोपडीत त्या 'फक्त'च्या पुढं कुणी ना कुणी काहीतरी जोडलं होतं. कुणी म्हणालं, फक्त लग्न झालेल्यांना. कुणी म्हणालं, फक्त तोंड बंद ठेवणाऱ्यांना.

या लोकांचं जगणं असं होतं. नगरात जागा महाग, म्हणून नगराची कामं करणारे नगराबाहेर तटाला टेकून राहायचे. राजाचा नियम होता की रात्री खुशाल झोपड्या बांधा, पण शेवटची झोपडी उतरल्याखेरीज वेस उघडायची नाही. परगावच्या पाहुण्यांना तट स्वच्छ दिसला पाहिजे ना. म्हणून रोज पहाटे दोरांच्या गाठी सोडायच्या, चटया गुंडाळायच्या, बांबू बाजूला रचायचे आणि संध्याकाळी दमूनभागून आल्यावर सगळं पुन्हा बांधायचं.

"आमचं घर नवऱ्यासारखं," तिथली भाजीवाली म्हणायची. "सकाळी उठून जातं, रात्री परत येतं आणि कामाचं काही नाही." बायका हसायच्या, पण गाठी सोडता सोडता.

त्यांच्यात एक चटया विणणारी होती. तिचा नवरा वेशीची दारं ओढायचा. अडसर आतले शिपाई काढायचे, पण ती अवजड दारं बाहेरून साखळ्यांनी ओढावी लागत. जन्मभर त्यानं ती ओढली आणि एके दिवशी ओढतानाच त्याची पाठ गेली. वैद्यानं तपासून चटईवालीला सांगितलं, "एका जागी सपाट पडू दे. पाठ बरी होईपर्यंत हलवू नकोस. असंच हलवत राहिलीस तर तो पुन्हा उठायचा नाही."

ती तरी काय करणार? रोज पहाटे घर उतरवायचं, म्हणजे नवऱ्यालाही चटईसकट उचलून चिंचेखाली न्यायचं. तो ओरडायचा नाही. ओठ दाबून आकाशाकडं बघत राहायचा. तिनं त्या अर्ध्या वाक्यापुढं मनात काही जोडलंच नाही. 'घरं देणार आहे', एवढंच ती धरून बसली.

बातमी अगदीच हवेतली नव्हती. गरिबाला परवडेल असं घर इतर राजे कसं उभं करतात, ते पाहायला राजानं प्रधानाला खरंच देशोदेशी धाडलं होतं. प्रधान पाय दुखेपर्यंत हिंडला आणि परतला. दरबारात चटया अंथरायचं काम चटईवालीकडं होतं. त्या दिवशी ती कोपऱ्यातल्या एका चटईची सुरकुती जरा जास्तच वेळ सारखी करत राहिली आणि ऐकत राहिली.

प्रधानानं सांगितलं, पहिल्या देशात घरं राजाच बांधतो. माणसं भाडं देतात, पण ज्याची जशी कमाई तसं. छप्पर गळलं तर राजाचा माणूस येऊन नीट करतो. दुसऱ्या देशात शेजारी मिळून थोडं थोडं साठवतात आणि आपल्या हातांनी भिंती उचलतात. जमीन मात्र राजा देतो, आणि सगळी घरं उभी राहिल्याशिवाय कुणाला कोणतं ते ठरत नाही, म्हणून कुणी हात आखडत नाही. तिसऱ्या देशात सावकार कर्ज देतो, सावकाश फेडायचं, हलक्या व्याजाचं. कारण कर्जदारामागं राजा जामीन उभा असतो.

राजाला तिन्ही रिती आवडल्या. दरबाऱ्यांनाही आवडल्या. कुणीतरी म्हणालं, तिन्हींतलं उत्तम तेवढं उचलू. मग जांभया देत देत त्यांनी उत्तम निवडलं. पहिल्या देशातलं भाडं घेतलं. दुसऱ्या देशातले लोकांचे कष्ट घेतले. तिसऱ्या देशातलं कर्ज घेतलं, जामीन तिथंच ठेवला. आणि दवंडी पिटली की वेशीबाहेरच्यांना घरं मिळणार, फक्त जमीन त्यांनी विकत घ्यायची, त्यासाठी सावकार म्हणेल त्या व्याजानं कर्ज काढायचं, भिंती स्वतः उचलायच्या आणि राहायला गेल्यावर राजाला भाडं द्यायचं.

"म्हणजे 'फक्त' एवढं लांब होतं तर," भाजीवाली म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

चटईवालीनं दवंडी नवऱ्याला सांगितली. तो मग म्हणाला, "म्हणजे चिंचेखालीच ना गं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांच्या झोपड्या उतरल्या, हिची उतरली नाही. बंड वगैरे तिच्या डोक्यात नव्हतं. गाठीपर्यंत हात उचलवेना, इतकी ती दमली होती.

शिपाई दिंडीतून, म्हणजे मोठ्या दारातल्या शिपायांपुरत्या छोट्या दारातून, वाकून बाहेर आला. म्हणाला, "बाई, घर उतरव. वेस उघडायची वेळ झाली."

"यांना हलवायचं नाही," ती म्हणाली.

शिपायानं स्वतःच गाठीला हात घातला. आत पडलेल्या माणसानं त्याच्याकडं पाहिलं. याच माणसानं वर्षानुवर्षं त्याच्यासाठी दार ओढलं होतं. शिपायानं हात मागं घेतला आणि बाकीच्या दार ओढणाऱ्यांना म्हणाला, राहू दे, तुम्ही ओढा दार.

त्यांच्यातला म्हातारा आपल्या बांबूंच्या ढिगावर बसला होता. तो म्हणाला, "दादा, नियम महाराजांचा. झोपडी उभी असताना आम्ही साखळीला हात लावला, तर उद्या तुम्हीच आम्हाला धराल." आणि तो बसूनच राहिला. मग सगळेच बसले. शिपाई म्हणाला, वरून विचारून येतो. गेला तो लवकर काही आला नाही.

नगरात दूध आलं नाही. लाकूडफाटा आला नाही. रस्ते झाडणारे, कपडे धुणारे, पोरं सांभाळणाऱ्या, सगळे तटाबाहेर बसलेले. उन्हं चढली तरी राजवाड्यातली चूल पेटली नाही, तेव्हा राजा प्रधानाला घेऊन त्याच दिंडीतून वाकून बाहेर आला.

एकच झोपडी उभी होती. राजानं विचारलं, ती का उभी आहे?

"महाराज, यांना हलवायचं नाही," चटईवाली म्हणाली. "दुसरं काही म्हणणं नाही माझं."

राजानं आत वाकून पाहिलं. मग प्रधानाकडं वळला. "तू इतके देश पाहिलेस. तिथं अशा माणसाला घर कसं मिळतं?"

प्रधान खाली बघत म्हणाला, "महाराज, त्या प्रत्येक देशात राजा आधी स्वतःचं काही घालतो. कुणी देखभाल घालतो, कुणी जमीन घालतो, कुणी आपला शब्द. आपण तेवढं तिथंच ठेवलं आणि लोकांनी द्यायचं ते सगळं घेऊन आलो. निवड चालली होती तेव्हा मला हे दिसत होतं. पण मी दमलो होतो, म्हणून गप्प बसलो."

राजानं झोपड्या उतरवायचा नियम तिथंच मोडीत काढला आणि मग वेस उघडली. विहिरीपलीकडचं माळरान त्यानं लोकांना दिलं, सावकारांपुढं स्वतः जामीन राहिला आणि भाड्याचा विषय सोडला. देखभालीचं मात्र तो म्हणाला, पुढं बघू.

लोकांनी दिवसा नगराची कामं केली आणि संध्याकाळी भिंती उचलल्या. सगळी घरं उभी राहिली तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या. चटईवालीला अगदी टोकाचं घर आलं, विहिरीपासून लांब. छप्पर एका कोपऱ्यात गळायचं. ते बघायला राजाचा माणूस कधी आला नाही. कर्ज फिटेतो तिचे केस पांढरे झाले. नवऱ्याची पाठ बरी झाली, पण उंबऱ्यावर बसण्यापुरतीच. साखळी त्यानं पुन्हा धरली नाही. तेव्हा विहिरीवरची ती बातमी खरी होती, पण अर्धीच. राजानं घरं दिली हे खरं. उरलेलं अर्धं लोक जन्मभर देत राहिले.

नव्या घरातल्या पहिल्या पहाटे चटईवाली सवयीनं उठली आणि अंधारात गाठी चाचपू लागली. हाताला भिंत लागली.

"अगं, झोप," नवरा म्हणाला. "आज काही उतरवायचं नाही."

ती पुन्हा आडवी झाली. तिकडे वेस उघडल्याचा आवाज झाला, पण तो तिला ऐकू आला नाही.

मुलांनो, आणि थोरांनो तुम्हीही, दुसऱ्या गावची चांगली रीत आणायची असेल, तर तिथल्या घेण्याबरोबर तिथलं देणंही उचलून आणावं लागतं.