खातूशेट, चला घाटात!

चिपळूणची रुक्साना मुजावर टॅक्सी घेऊन घाट उतरत होती, तेव्हा ब्रेक लागेनासे झाले. दरी टाळून तिने गाडी डोंगराला घासत थांबवली. सगळे वाचले, पण एका म्हाताऱ्या प्रवाशाचा हात मोडला.

अपघाताच्या आदल्याच दिवशी टॅक्सीचे ब्रेक दुरुस्त करणारे बडे गॅरेजवाले खातूशेट चौकशीला आले आणि छाती फुगवून म्हणाले, "ब्रेक ठणठणीत आहेत. बाईच घाबरली. लायसन्स रद्द करा हिचं!"

रुक्सानाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण आवाज चढला नाही. ती चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांना म्हणाली, "साहेब, सगळी चूक माझी, मी लिहून देते. फक्त एक अट आहे. गाडी नुसती एका बाजूने खरवडलीय, इंजिन चालू आहे. आहे तशीच, काहीही दुरुस्त न करता खातूशेटनी ती आत्ता घाट उतरवावी. मी शेजारी बसते. चला, शेट!"

खातूशेट ताडकन उठले. "वेड लागलंय का? ब्रेक नसलेली गाडी मी घाटात घालू?"

अधिकाऱ्यांनी टेबलावर जमा केलेलं लायसन्स उचलून रुक्सानापुढे ठेवलं.

ते घेत ती म्हणाली, "त्या दिवशी घातलीतच की, शेट. आत माणसं बसलेली असताना!"