उलट्या मोज्याची आणि चुलदेवीची कहाणी

ऐक जोवांग माते, कोरिया देशीच्या चुलदेवी, तुझी कहाणी. आटपाट नगर म्हणावं, तर नगर नव्हतं. चहूकडं डोंगर, मधे भातखाचरं, असा एक आडबाजूचा तालुका होता. तिथं एक घर होतं. घरी सासू होती, सासरा होता, मुलगा होता, नवी सून होती. त्या देशी सुनेला नावानं हाक मारीत नाहीत, माहेरच्या गावावरनं मारतात. हिचं माहेर सॉन्दल, म्हणून ही सॉन्दलवाली.

परसात एक रांजण होता. रांजणात सोयाबीनचा काळा रस होता, पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला. जुन्यात नवा घालावा, जुना कधी संपू देऊ नये, अशी रीत. पितरांच्या नैवेद्याला तोच लागे. रस नासला की सुनेचा पायगुण वाईट, मग तिची माहेरी पाठवणी.

एके दिवशी सासूला सांगावा आला, भाऊ आजारी आहे. सासू निघाली. निघताना सुनेला म्हणाली, "पोरी, वसा देते तो घे. रोज पहाटे विहिरीचं पहिलं पाणी वाटीत घालून चुलीवर ठेव. चुलीपुढं कुणाला वाकडं बोलू नको. उतू नको, मातू नको. रांजण सांभाळ. पितरांच्या सणाआधी येते."

मग सून परसात गेली. बघते तो काय, रांजणावर कागदाचा मोजा चिकटवलेला, तोही उलटा! बोटं वर, तोंड खाली. "अगंबाई, सासूबाईंना दिसेनासं झालं की काय!" असं म्हणून तिनं आपला शहाणपणा केला. मोजा सोडवला, सुलटा लावला. मग काय झालं? रसाला फेस आला. मग बुरशी आली. मग असा वास सुटला की कुत्रं दारात थांबेना.

सून घाबरली. पहिल्या शेजारणीकडं गेली. "बाई बाई, मोजा उलटा का लावतात?" "अगं, गोम वर चढते, मोज्यात शिरते, अडकून बसते. उलटाच हवा." सुनेनं उलटा केला. वास जाईना. मग दुसरीकडं गेली. ती म्हणाली, "छे छे, गोमेचा काय संबंध? गेलेली चव परत फिरावी म्हणून तो उलटा. आणि एका पायानं ती चालेल कशी? दोन लाव." सुनेनं जोडी लावली. वास जाईना. मग तिसरीकडं गेली. ती म्हणाली, "मोजा? आम्ही तर मिरच्यांची दोरी बांधतो. काढून टाक ते." सुनेनं काढला. वास वाढला. वर तिघी एकेकदा कानाशी लागल्या, "तुझ्या सासूनंच काहीतरी केलं असेल, तुला घालवायला."

तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. गोम खरी, की चव खरी, की सासूच वाईट? बायांनो, मला वाचताना उमजत नाही, तिला कुठनं उमजणार! चुलीपुढं बसली, ओठावर शिवी आली. पण वसा आठवला. ओठ चावला, उठली, डुकरांच्या खोपटापाशी गेली, तिथं सासूला पोटभर बोलली. मग हातपाय धुऊन आली नि चुलीवर पाणी ठेवलं. रोज असंच केलं.

एके पहाटे चुलीशी एक म्हातारी बसलेली दिसली, तोंडाला काजळी, अंगाला भाताचा वास. सुनेनं ओळखलं, पाया पडली. "माते, मोजा उलटा का?"

"मला काय ठाऊक? मी चुलीची. रांजणाचा देव निराळा, तो परसात असतो."

"मग त्याला विचारा ना!"

"आमचं बोलणं नाही," देवी म्हणाली. "तू सासूला खरं ते सांग." आणि धुरात दिसेनाशी झाली. सून आणखीच गोंधळली.

सासू परतली. वेशीवरच शेजारणींनी तिला गाठलं, "सून डुकरांपुढं तुला शिव्या देते हो!" सासू लालबुंद होऊन घरी आली. "काय म्हणालीस मला?"

सून म्हणाली, "थेरडी म्हणाले. चेटकीण म्हणाले. पण चुलीपुढं नाही म्हणाले. रस माझ्या हातनं नासला. मोजा मीच फिरवला. तो उलटा का, ते मला अजून कळलं नाही. आता माहेरी धाडा." आणि हमसून हमसून रडू लागली.

सासू मटकन खाली बसली. "मलाही ठाऊक नाही गं. माझ्या सासूनं लावला, म्हणून मी लावला. विचारायची छाती कुणाची होती? तू दारोदार जाऊन विचारलंस तरी."

मग सासू उठली. त्या तिघी शेजारणींनी कधीकाळी याच रांजणातला रस विरजणासाठी नेला होता. त्यांच्याकडनं एकेक भांडं रस मागून आणला. सासूसुनेनं रांजण घासला, पेंढा पेटवून धुरी दिली, रस ओतला.

पितरांचा सण आला, नैवेद्य झाला. सासऱ्यानं रस चाखला नि थबकला. "ही चव आपली आहेही, नाहीही. कुणाच्या हातची?"

सासू म्हणाली, "माझ्या सुनेच्या हातची. आजपासून या घराची चव हीच." सासऱ्यानं वाटी पुढं केली. "मग आणखी घाल," म्हणाला.

जशी जोवांग माता सॉन्दलवालीला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो, चुकल्या-गोंधळल्या लेकीसुनांना पावो. ही साठां उत्तरांची कहाणी, चुकतमाकत पांचां उत्तरीं आली, सुफळ संपूर्ण झाली.