पायाळू हौसा आणि दुखऱ्या कंबरा

एका गावात एक भोळी पायाळू मुलगी होती. नाव हौसा. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले, आणि पायाळू माणसाने कंबरेला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं सगळं गाव मानत होतं. त्यामुळे हौसा चालायला लागल्यापासून लोक तिच्यापुढे पालथे पडत आले होते.

घरात तिला एकच नियम होता. पायाळूने कुणाला नाही म्हणायचं नाही. या नियमाबद्दल विचारायचंही नाही.

आईबाप नव्हते. चुलते तात्या आणि आत्या हेच तिचे वडीलधारे. ती लग्नाची झाली तशी तात्यांनी तिला बजावलं, की ओट्यावर बसून हे काम नीट चालवून दाखव, नाहीतर पलीकडच्या गावच्या रंगराव बिजवराचं स्थळ सांगून आलेलंच आहे. रंगरावाची थोरली लेक हौसापेक्षा मोठी होती. हौसाला रंगरावाकडे जायचं नव्हतं. तिला ओट्यावर बसायचं होतं. म्हणून तिने ठरवलं, मोठे सांगतील ते अगदी तस्संच करायचं.

पहिला आला धोंडिबा सुतार. त्याची दाढ ठणकत होती. नाही तर म्हणायचं नव्हतं. हौसाने त्याला आडवा केला, गाल वर करायला सांगितला आणि पाय लावला. दाढ राहिली. शेजारचा चांगला दात पडला.

तात्या भडकले. सगळ्यांचं सगळं करायला बसलीस तर तुझ्याकडे धड कुणीच येणार नाही, म्हणाले. "तुझं काम कंबरेचं. कंबर दिसली की पाय लावायचा. बाकी कशाच्या वाटेला जायचं नाही."

हौसाने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कासारीण आली. टोपली ओट्यावर ठेवून ती हिरवा चुडा काढायला वाकली. हौसाला कंबर दिसली. कासारीण टोपलीत गेली. सणासाठी आणलेल्या बांगड्यांचा चुरा झाला.

आत्याने कासारणीला चहा पाजला, हळद लावली, आणि हौसाला आत नेऊन समजावलं, की कंबर काय, सगळ्यांनाच असते. तुझं काम दुखणाऱ्याशी. आधी तोंडाने विचारावं, दुखतंय का? हो म्हणालं माणूस, की मग पाय लावावा.

"एवढंच?" हौसाने विचारलं.

"एवढंच."

हे सोपं होतं. त्याच आठवड्यात शेजारच्या पारूचं लग्न लागलं. पाठवणीची जीप दारात उभी होती. पारू आईच्या गळ्यात पडून रडत होती. आई रडत होती. बँडवाल्यांचेही डोळे ओले झाले होते. हौसाने जवळ जाऊन विचारलं, "पारू, दुखतंय का गं?"

पारू हुंदके देत म्हणाली, "फार दुखतंय गं हौसा."

हौसाने साडीचा काठ वर खोचला. पारू थेट जीपमध्ये, नवऱ्याच्या मांडीवर. ड्रायव्हरला वाटलं, आटोपलं एकदाचं. त्याने गाडी सोडली. नवऱ्याचा बाप आणि करवल्या मागेच राहिल्या. पारू पार वेशीपर्यंत हसत गेली म्हणतात, पण ते कुणी लक्षात घेतलं नाही.

सांगणाऱ्याने अर्धवट सांगायचं आणि ऐकणारीला मूर्ख ठरवायचं, ही मोठ्यांची सोय जुनीच आहे. तात्यांनी रंगरावाला निरोप धाडला. तो येईपर्यंत आणखी शोभा नको, म्हणून हौसाला शेवटचं सांगितलं. या खेपेला मात्र पूर्ण सांगितलं.

"ओटा सोडून हलायचं नाही. ओटा चढून येईल त्याला विचारायचं, कंबर दुखते का? हो म्हणाला तर त्याच्याशी तुझं काम. नाही म्हणाला तर त्याच्याशी तुझं काही काम नाही. त्याला वाटेला लावायचं. मग तो कुणी का असेना."

"पण पायाळूने नाही म्हणायचं नसतं ना?"

"मी सांगतोय ना," तात्या म्हणाले.

आणि गंमत म्हणजे काम चालायला लागलं. दातवाले, पोटवाले, नवस बोलायला आलेले, सगळे परत जाऊ लागले. गवंडी, हमाल, भात लावून कंबर मोडलेल्या बाया दुरून दुरून येऊ लागल्या. ओट्याखाली रांग दिसू लागली. तात्यांनाही ती दिसत होती. पण रंगरावाला शब्द गेला होता, आणि एका मुलीसाठी दिलेला शब्द फिरवायची तात्यांच्या घरात पद्धत नव्हती.

रंगराव फेटा बांधून आला. ओटा चढून सतरंजीवर बसला. चहा झाला. आत्याने हौसाच्या कानात सांगितलं, विचारतील त्याला खाली बघून हो म्हण. पण आधी विचारायचं काम हौसाचं होतं.

"कंबर दुखते का?" तिने रंगरावाला विचारलं.

रंगरावाने तात्यांकडे पाहिलं, मग छाती काढली. "आमची? अजून ज्वारीचं पोतं एकटा उचलतो. दुखणं कसलं ते माहीत नाही."

"मग तुमच्याशी माझं काही काम नाही," हौसा म्हणाली. "या तुम्ही."

रांगेतला एक हमाल हसला. रंगराव ताडकन उठला, ओटा उतरला, पायताण घालायला रागारागाने वाकला आणि तसाच राहिला. वर येईना. फेटा तेवढा घरंगळून खाली गेला.

तात्यांचा चेहरा उजळला. "हौसे, बघ, दुखायला लागली त्यांची. आता तरी आहे ना तुझं काम त्यांच्याशी?"

"आहे," हौसा म्हणाली. "रांगेत मागे उभे करा."

"आणि लग्नाचं?"

हौसाने नीट विचार केला. तिला घाई नव्हती.

"तात्या, मी पाय लावला की त्यांची कंबर दुखायची थांबणार. मग त्यांच्याशी माझं काय काम? लग्नाला माझं 'नाही' आहे."

तात्यांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने रंगरावाकडे पाहिलं. रंगराव जमिनीकडेच बघत होता.